वाढत्या अंगाचं

सर्जनने कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला हृदय काढलं.
उजवीकडचं नीट. डावीकडे नुसता ठिपका,
जणू काही लिहायचं होतं, आठवेना,
आणि पेन तिथेच टेकलेलं राहिलं.
एकदम जमणार नाही, म्हणाला. तीनदा.
आत्ता, मग पाचेक महिन्यांनी, मग शाळेत घालायच्या आधी.
नळी साडेतीन मिलिमीटरची.
ती वाढणार नाही. तो वाढेल.

मकरंद टक्केवारी विचारत होता.
मला दिसत होतं इचलकरंजीतलं दादांचं दुकान,
गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल,
आणि पोराला पुढे ढकलून सांगणारी कुणी बाई:
वाढत्या अंगाचं शिवा हो, मास्तर.
दादा आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचे,
वर कच्चा टाका,
पुढच्या दिवाळीला उसवता यावा असा.

इथे दुमडायला कापडच नाही.
सहा दिवसांचा नीरद, तीन किलो शंभर.
नाव आम्ही तपासणीच्या आधी ठरवलं होतं, ढगाचं.
रंगाचा विचार केला नव्हता.

*

पहिल्या वेळी छाती चार दिवस उघडीच ठेवली.
वर पातळ पडदा, आणि त्याखाली
उतू जाण्याआधी साय हलते तसं काहीतरी.
बघू नका म्हणाले होते.
बघितलं.

रात्रपाळीची मॉरीन मला ‘पेट’ म्हणते.
न्यूकॅसलच्या बोलीत ते लाडाचं.
माझ्या कानाला आज्ञा ऐकू येते,
ओल्या लाकडाला सांगावं तशी: पेट.
पहाटे तीनला पंपाच्या घरघरीत बसून
मी साठ मिलिलिटर दूध काढते, बाटलीवर तारीख घालते.
तो पाच पितो. नाकातल्या नळीने.

शेजारी आल्फी. त्याची आई हेक्सहॅमहून येते,
घरी मेंढ्या व्यायच्या दिवसांत,
स्वेटरला लोकरीचा ओला वास.
निकाल विचारावा तशी आम्ही वजनं विचारतो.
वीस ग्रॅम. तुझा? पंधरा.
एका सोमवारी त्या जागी नवी चादर होती.
कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.
फ्रीजमध्ये तिच्या अक्षरातल्या सात बाटल्या होत्या.
माझी आठवी
मी जरा लांब ठेवली.

*

घरी सोडताना वजनकाटा दिला, पायाला लावायचं यंत्र दिलं,
आणि एक तक्ता. पंचाहत्तर ते पंच्याऐंशी,
त्याच्यासाठी एवढा ऑक्सिजन ठीक.
आई फोनवर म्हणाली, शंभरपैकी ना?
मग डिस्टिंक्शन आहे की!
आणि एकदम गप्प झाली.

मार्चमध्ये टाइनच्या पुलावर समुद्रपक्षी परतले.
पुलाच्या लोखंडावर चिखलाने घरटी चिकटवतात,
खालून बसगाड्या, वरून वारा,
आणि दिवसभर नुसती भांडणं.
आम्ही बाबागाडी त्यांच्याखाली उभी करायचो.
तो डोळे मोठे करून ऐकायचा.
रडू लागला की मी ओठ बघायची, आवाज नंतर.

मेमध्ये यंत्र सत्तरवर अडलं.
मी पाय चोळले, यंत्र बदललं, बॅटरी बदलली.
एकोणसत्तर.

*

आता उसवायची वेळ, सर्जन म्हणाला, किंवा मी तसं ऐकलं.
डोक्याकडून उतरणारं रक्त यापुढे
हृदयाला न विचारता थेट फुप्फुसांत जाईल.
आपल्या वजनाने, उतारावरून.
नळी तोकडी पडली.
म्हणजे तो वाढला. हे मला दोनदा सांगावं लागलं,
दुसऱ्यांदा मीच मला सांगितलं.

सही करताना विचारलं, जुनी नळी मला मिळेल?
तो थांबला. कशाला?
दादा उसवलेला दोरा टाकत नसत, बिस्किटांच्या डब्यात ठेवत.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
विचारून बघतो, तो म्हणाला.

दार मिटलं. पुढे तिसरं आहेच, कधीतरी, शाळेच्या आधी.
माझ्या मुठीत त्याचा एक मोजा राहिलाय.
महिन्याभरापूर्वी गुडघ्याला लागायचा.
आता टाच झाकत नाही.