उष्टं

रूबेन काका शरणपूरहून चालत आले.
रुमालात गुंडाळलेला माउथ ऑर्गन
भांडी बाजारातल्या माझ्या काउंटरवर
दोन घंगाळांच्या मधे ठेवला.
"चौथं भोक मुकं झालंय," म्हणाले.
"फुंकलं की बोलतं. ओढलं की नाही."

मी तांबटाची मुलगी.
आमच्यात दुरुस्ती म्हणजे ठोका.
पोचा आला, ठोका. गळतंय, डाग द्या.
हंड्यावर बोट वाजवून बाप सांगायचा
कुठे पातळ झालाय.
ही पाती तर नखाहून बारीक,
जोरात शिंकलं तरी वाकेल.

चार स्क्रू. दोन्ही पत्रे निघाले.
आत लाकडी फणी, जराशी फुगलेली,
आणि पितळेवर हिरवट साय.
कळकलंय.
ताक कळकतं, आमटी कळकते,
श्वासही कळकतो
हे या दुकानात तीस वर्षं बसून
आज कळलं.

चिंच नाही, राख नाही.
गरम पाणी तर मुळीच नाही, फणी आणखी फुगेल.
कल्हईचा प्रश्नच नाही.
लेकीचा झिजून मऊ झालेला टूथब्रश घेतला,
पातीच्या बुडापासून टोकाकडे,
उलटा एकदाही नाही.

चौथीखाली अडकली होती
बडीशेपेची काडी.
नोट प्रेसच्या जेवणाच्या सुट्टीत
काका वाजवायचे म्हणे.
तेव्हाची, की कालची?
गल्ल्यातल्या कोऱ्या दहाच्या नोटेच्या कडेनं
अलगद उचलली.
(नोट त्यांच्यानंतरची. वर्ष बघितलं मी.)

बसवलं सगळं. आता वाजवून बघायचं.
तिथे हात थांबला.
आमच्या घरी तांब्या वरून प्यायचा,
ओठ लागला की मोरीत.
आणि हे तर चाळीस वर्षांचं उष्टं,
एका माणसाच्या छातीत जाऊन
परत आलेलं, परत गेलेलं.
दुकानात कोणी नव्हतं.
बाहेर टेम्पोवाला पराती मोजत होता,
सत्तावीस, अठ्ठावीस.
पदरानं पुसलं, ओठ लावला,
ओढलं.

बोललं.
एवढंसं, नाकातून, पण बोललं.
टेम्पोवाल्याची मोजणी चुकली.
माझ्या जिभेवर पितळ
आणि, शपथ सांगते, बडीशेप.

संध्याकाळी काका आले. पैसे विचारले.
म्हटलं, "आधी चूळ भरत जा, मग वाजवा.
झालं की तळहातावर चारदा आपटा,
आतलं पाणी निघू दे."
"म्हणजे शेवटी ठोकाच," ते हसले.
"वाजवून बघितलंस?"
"छे," म्हटलं. "कळतं नुसतं बघून."

रात्री गल्ला मोजताना
बशीत एक स्क्रू दिसला, तिळाएवढा.
चार काढले होते.
रिव्हेटच्या डब्यात नाही टाकला,
पुडीत बांधून वेगळा ठेवलाय.
पत्रा खडखडला की येतील.