यादीतली शेवटची गोष्ट

फोनला रेंज फक्त टेकडीवर,
तीही दगडांच्या राशीपाशी, वारा पडला असेल तर.
तिथे उभं राहून दुलमाची यादी ऐकली.
ती जिल्ह्याच्या दवाखान्यात. बाळ सातव्या महिन्यातच आलं,
काचेच्या पेटीत आहे,
आणि एक सप्टेंबरला सोलोंगोची शाळा.

"पांढरे मोजे, दोन जोड. बुटांची नाडी. वेणी.
रात्री एकटीनं उठायला शिकव. तिकडे कंदील नसतो, बटण असतं.
पोट दुखलं तर बाईंना सांगायचं, गप्प बसायचं नाही.
आणि हे बघ, सगळ्यात महत्त्वाचं, तिला आधी..."
आणि वारा.

तीन दिवस चढलो टेकडी. वाराच.

मग मी नाडीपासून सुरुवात केली.
माझे हात दोर वळणारे,
त्यांना येणारी गाठ ओढणाऱ्या उंटासाठी असते;
सोलोंगोचा बूट त्या रात्री सुरीनं सोडवावा लागला.

वेणीचं जमलं. तीन पेडांचं चऱ्हाट मी झोपेतही वळतो.
पण स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन?
ते मलाच येत नाही, तिला काय सांगणार.
शेवटी म्हाताऱ्या पिवळीला बांधलं
(घोड्यांना आम्ही नावं ठेवत नाही, रंगानंच हाक मारतो)
आणि सोलोंगो तिच्या शेपटीवर बसली शिकत.
पिवळी माशा हाणायची, वेणी सुटायची,
सोलोंगो तिला माझ्याच शिव्या द्यायची.
त्या मात्र मी शिकवल्या नव्हत्या.

अक्षरं राखेत काढली, चुलीपुढे.
पहिलं सोपं, आडवा पडलेला नाल.
मग तीन ओ, तिच्या नावात तीन ओ आहेत,
"तीन तंबू," ती म्हणाली,
"एक आपला, एक बदामा काकूचा, तिसऱ्यात कोण राहतं?"
मी म्हटलं, तू. शाळेत.
तिनं तो पायानं पुसला.

मी फार बोललो नाही. मीही सहा वर्षांचा असताना
त्याच वसतिगृहातून पळालो होतो,
दोन रात्री चालत.
हे तिला सांगितलं नाही. सांगायचं होतं की काय?
हेच होतं का ते, सगळ्यात महत्त्वाचं?
कोण जाणे. मग जे सुचेल ते शिकवत सुटलो:
आरूल उशीखाली ठेव, पण सगळ्यांना दाखवू नकोस.
कुत्रा भुंकला नाही तरी झोप येते.
रडायचं तर आधी रुमाल शोध.
आग्नेयेला बघशील तेव्हा आम्ही तिकडेच, हलायचो नाही हिवाळ्यापर्यंत.
दिशा तिला माझ्याहून नीट कळतात, तरी.

एक तारखेला मोटरसायकलवर चार तास.
अंगणात पोरी रांगेत, डोक्यावर कोबीएवढी पांढरी फुलं फितींची.
सोलोंगोचं फूल जरा कललेलं,
पण वेणी तिनं स्वतः घातलेली, अगदी पिवळीच्या शेपटीसारखी.
ती रांगेत गेली. वळली नाही.

इथे रेंज पूर्ण. कुंपणाला टेकून फोन लावला.
बाळ दूध पितंय म्हणाली.
मी विचारलं, ते शेवटचं काय होतं गं?
"कुठलं?"
सगळ्यात महत्त्वाचं. तिला आधी...
पलीकडे बराच वेळ काचेच्या पेटीची टिकटिक.
"बहुतेक नखं," ती म्हणाली. "आधी नखं काप म्हणत असेन.
बाई पहिल्या दिवशी नखं बघतात."

पहारेकऱ्याकडून नेलकटर मागून आणलं.
बाईंनी बघितलं, मान हलवली, जा म्हणाल्या.
रांगेतून ती बाहेर आली, हात पुढे केले,
नखांत चुलीची राख, पिवळीचे केस.

नऊ नखं भराभर कापली.
दहाव्याला जरा वेळ लावला.