परग्रह सहल, दर रविवारी

सीवूड्सच्या पुलाखाली, सकाळी साडेसहा.
टेम्पो ट्रॅव्हलर, सतरा आसनं,
एसी शेवटच्या दोन रांगांपर्यंत पोचत नाही
हे मी पत्रकात लिहिलेलं नाही.
माणशी साडेसातशे, नाश्ता धरून.
पंख, शेपट्या, शिरस्त्राणं
ज्याची त्याने सांभाळायची.

आज कामोठ्याची एक दातांची डॉक्टर आहे, ड्रॅगन झालेली.
शेपटी जुन्या योगा मॅटची,
चढताना दोनदा दारात अडकली.
ऐरोलीचे दोघे भाऊ चंदेरी खोक्यांमध्ये,
धाकट्या यंत्रमानवाला गाडी लागते,
तो लिंबू हुंगत बसलाय.
आणि शर्वाणी गोडांबे, वय अकरा, साध्या फ्रॉकमध्ये.
"वेश कुठाय गं तुझा?"
"मी आतून आहे," म्हणाली.

प्रत्येकाला पासपोर्ट. तुर्भ्यात छापून घेतलेला,
शाई अजून बोटाला लागते.
चालक जोमाकाका म्हात्रे. सहा वर्षं माझ्यासोबत,
बोलणं एवढंच: "दार लावा."

पहिला ग्रह नेरूळची खाडी.
रोहित पक्षी चिखलात उभे.
मी सांगते, हे डोकं उलटं करून जेवतात,
यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो,
पोरांना छातीतलं दूध पाजतात, आई आणि बाप दोघंही.
हे सगळं खरं आहे,
म्हणून कुणी टिपून घेत नाही.

मग ठाणे-बेलापूर रस्ता. कारखान्यांच्या नळकांड्या, वाफ.
इथे मी इंधनतळ सांगते.
इथे सगळे लिहून घेतात.

बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज:
हरलेल्या राजकन्येचा पहारा.
ड्रॅगनबाईंनी तिथे फोटोसाठी इतक्या वेळा आग ओकली
की वडापाव गार झाले.

शेवटी उलव्याच्या बाजूला, विमानतळाच्या कुंपणाशी.
इथे डोंगर होता. आता सपाट.
मी नेहमीचा प्रश्न टाकला:
"परग्रहवासी आले तर कुठे उतरतील?"
बोटं वर झाली. धावपट्टीवर. खाडीवर. वाशीच्या मॉलच्या गच्चीवर.

"आधीच उतरलेत,"
काच खाली करून जोमाकाका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पत्रकात हे नव्हतं.

"आमी बारके व्हतो. बांधावर आले.
तीन पायांचं यंत्र, त्याला एकच डोळा.
एक जण त्यातून बघायचा,
दुसरा लांब उभा, तांबडी-पांढरी काठी धरून.
हात हलवला की काठी सरकायची.
बोलायचे नाय. नुसते आकडे.
उन्हाचे दमले तवा आयनं पानी दिलं त्यांना."

थोरला यंत्रमानव पुढे सरकला, खोकं कराकरा वाजलं.
"मग? लढाई?"

"नाय. पावती दिली."

"आणि नंतर?"

"नंतर..." काकांनी आरसा पुसला.
आधीच स्वच्छ होता तो.
"नंतर सेक्टर झाले."

दोन्ही भाऊ खूश. म्हणाले, भारी गोष्ट,
पुढचा भाग पुढच्या रविवारी का?
डॉक्टरीणबाईंनी मुखवटा काढून मांडीवर घेतला,
त्या काही बोलल्या नाहीत.

शर्वाणीनेच कोरा पासपोर्ट नेऊन दिला.
"काका, यात तुमचा ग्रह लिहा."

पेन स्टिअरिंगवर टेकवून
त्यांनी बराच वेळ घेतला.
मी खांद्यावरून वाचलं:
सर्व्हे नंबर एकशे बारा, हिस्सा दोन. मिठागर.
खाली सही, शाळेत शिकवलेली, अक्षर न् अक्षर सुटं.

शिक्का माझ्या हातात होता.
त्यावर रॉकेट आहे आणि माझा मोबाईल नंबर.
मी तो पिशवीत ठेवला.

निघताना शेपटी पुन्हा दारात अडकली.
काका उतरले, वळसा घालून आले,
"दार लावा" म्हणाले नाहीत.
दोन्ही हातांनी ती उचलून आत ठेवली,
सावकाश,
खरंच कुणाची तरी असल्यासारखी.