एक बोट जागा

वैजूताईच्या जुन्या बुटांत दोन वर्षं खेळले,
पुढे कापूस कोंबून.
उडी मारली की आधी पाय उडायचा,
बूट मागाहून.
नखं काळी पडली. आईनं विचारलं,
कसली शाई गे ही?

खडे बाजारात इराप्पा म्हणाला,
सकाळी कशाला आलीस,
दिवे लागताना ये.
दिवसभर राबलेला पाय खरं माप सांगतो.

गेले, खेळायचे जाड मोजे घालून.
पाठकोऱ्या कागदावर त्यानं
पेन्सिल फिरवली दोन्ही पावलांभोवती.
गुदगुल्या.
डावा पाय उजव्याहून थोराड निघाला.
पंधरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं मला.

"मोठ्या पायाचं ऐकायचं."
वाकून त्यानं बुटाच्या टोकाशी बोट दाबलं:
ओंदु बेरळु. एक बोट जागा पुढे,
टाच मात्र हलता कामा नये.

लाल जोड देखणा होता, चवड्याला आवळायचा.
राखाडी घेतला.
दुकानाच्या फरशीवर तीन उड्या,
मग एक आडवी झेप,
काउंटरवरचा चहा बशीत.
इराप्पा कन्नडात हसला,
आणि पन्नास रुपये कमी केले.

निपाणीला हरलो आम्ही, चार गुणांनी.
शेवटचा रिबाउंड माझ्या हातात होता.
परतीच्या बसमध्ये, संकेश्वरच्या अलीकडे,
रडता रडता ध्यानात आलं:
आज पायांची आठवण
एकदाही झाली नाही.