सातव्या रकान्यात

लेंगऱ्याच्या अलीकडं, रस्ता वळतो तिथं
रुंदीकरणात जाणारं एकच घर.
घर म्हणायचं कागदावर.
खरं तर तीन भिंती, चौथीचा ढिगारा,
आणि धाब्याची पांढरी माती
वीस पावसाळ्यांत सावकाश खाली उतरून
खोलीतच बसलेली,
दमलेल्या पाहुण्यासारखी.

कोतवाल सिदूनं टेपचं टोक धरलं.
पूर्व-पश्चिम सव्वीस फूट, दक्षिणोत्तर एकोणीस.
रुईचं झुडूप एक, भरपाईस अपात्र.
चौकट नाही.
"सागवानी हुती," सिदू म्हणाला,
"कुनी नेली ते मला ठावं हाय,
पर लिवू नगा."
मी लिहिलं नाही.

मग मागची भिंत.
कमरेएवढ्या उंचीवर एक काळा डाग,
परातीएवढा,
पावसानं धुतला नाही, उन्हानं विटला नाही.
पायाशी मातीत फुटकी मूस,
आतून काचेसारखी चकाकणारी.
इथंच शिकलं असेल पोर फुंकणी धरायला,
रसानं डोळा उघडला की हात आवरायला,
चुकलं तर बापाची एक कानाखाली.
मग एस.टी.नं विटा, पुढं मिरज,
तिथून रेल्वेनं आणखी खाली, आणखी खाली,
जिथं भाकरी कुणाला ठाऊक नाही
अशा गावात दुसऱ्यांच्या सोन्याचं पाणी करायला.
वितळवणाऱ्यांचं घर
त्यांच्यामागं आपलं आपणच वितळलं.
वाक्य मला आवडलं,
पण पंचनाम्यात त्याला रकाना नव्हता.

खोटं कशाला बोलू,
मी तिथं कामापेक्षा जास्त थांबलो.
माझं हे नेहमीचंच.
पडक्या घरात शिरलो की
मी सामान लावायला लागतो:
इथं पंपाचा स्टोव्ह, इथं रेडिओची फळी,
या कोपऱ्यात कुणीतरी रुसून बसलेलं,
जेवायला ये म्हणून तिसरी हाक.

वडील पाटबंधारे खात्यात होते.
जत, दहिवडी, कोरेगाव, इस्लामपूर,
दर तीन वर्षांनी एक पिवळं क्वार्टर,
दारावर काळ्या रंगात नंबर.
आम्ही निघायचो त्याच दुपारी
दुसऱ्यांचा ट्रक येऊन उभा असायचा.
आईनं भिंतीत ठोकलेले खिळे
त्यांच्या कॅलेंडरांना आयते मिळायचे.
माझं एकही घर पडलं नाही.
सगळी उभी आहेत, दर दिवाळीला चुना लागतो,
आणि एकातही मला शिरता येत नाही.
जाऊन बसावं असा एखादा ढिगारा
माझ्या नावावर नाही.

मालकाला फोन लावला, संमतीपुरता.
अधिकराव देवकर, हल्ली मुक्काम त्रिशूर.
मागं कुणीतरी मल्याळममध्ये भाव विचारत होतं.
रक्कम किती, कधी, त्यांनी काही विचारलं नाही.
म्हणाले,
"सायेब, मागल्या भितीला काळं हाय का अजून?"
"आहे."
"जरा हात लावा की."
सिदूकडं पाठ करून
मी हात लावला.
"बगा, बोटाला लागतंय का?"

बोट पाहिलं. कोरडं, स्वच्छ.
चाळीस वर्षांची काजळी
मुरून मुरून भिंतच झालेली.
"लागतंय," मी म्हणालो.

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
भाव विचारणारा आवाजही थांबला.
मग हळूच,
"लगेच पुसू नगा."

सातव्या रकान्यात मी लिहिलं,
सद्यःस्थिती: पडीक, वापरात नाही.
सिदूनं टेप गुंडाळली, तंबाखू मळली,
ऊन रेणावीच्या डोंगराकडं कललं.
विट्यापर्यंत गाडी चालवताना
उजव्या हाताचं एक बोट
मी हँडलला टेकू दिलं नाही.