भुताच्या पिक्चरबद्दल थोडं

शांतिनाथ मगदूमचं म्हणणं असं,
की भूत चांगलं की वाईट ते भडंगावर ठरतं.
पुडी मांडीवर तशीच राहिली तर भूत चांगलं.
कुरकुर ऐकू आली
की निर्मात्यानं पैसे पाण्यात घातले.

माझं मत दाराबद्दल आहे.
दार करकरलं की मला भीती वाटत नाही,
मनात येतं, एवढा मोठा बंगला
आणि बिजागरीला चमचाभर तेल नाही?

आणि बाई कायम पांढऱ्या साडीत.
पद्मजा, माझी मेहुणी, मिरजेला रात्रपाळी करते,
ती म्हणते, दाजी, चौदा वर्षं झाली,
माणूस जातं तेव्हा अंगावर असेल ते असतं.
गाऊन. उसवलेला स्वेटर. एकाच पायात मोजा.
पांढरी साडी मी एकदाही बघितली नाही.
मोजेवालं भूत दाखवा म्हणावं,
मी तिकीट काढून येईन.

कादंबऱ्यांचं वेगळं.
गावभागात रोजाच्या आठ आण्यांवर पुस्तकं मिळायची,
कव्हरवर कवटी, आत एक डॉक्टर.
एका पुस्तकाची शेवटची सोळा पानं
बाइंडरनं उलटी शिवलेली,
मी ती तशीच वाचली, उलटी धरून, जिन्याखाली बसून.
खुनी कोण ते विसरलो.
मान मात्र अजून त्या बाजूला धरते.

मालिकेतल्या भुतावर मी बोलत नाही.
जे तीनशे भाग जात नाही
त्याला आमच्याकडे भाडेकरू म्हणतात.

माझी मुलगी ईशानी फोनवर कुठली कुठली परदेशी भुतं बघते,
एक कान भुताला, एक कान आईच्या हाकेला.
परवा म्हणाली, बाबा, तुम्ही नुसती खोड काढता.
तुम्हाला कशाची भीती वाटली ते सांगा की.

आम्ही हरिपूर रस्त्याला चिंचेखाली बसलेलो.
शांतिनाथ पुडी चाटून पुसत होता.

सांगितलं मग.
आमचे अण्णा पेवातनं हळद काढायचे.
तोंड एवढंसं, खांदे तिरके केले तर माणूस जाईल,
आणि आत जमिनीच्या पोटात ही मोठी खोली.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
दिवसभर तसंच ठेवायचं,
मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा.
मी काठावर पालथा.
पिवळी भिंत दिसायची, आणखी पिवळी,
मग नुसता एक ठिपका.

ठिपका विझला तर कुणी बोलायचं नाही.
कंदील वर घ्यायचा, लांब जाऊन बिडी ओढायची.
मागं संगीत नाही. विजा नाहीत.
तिट्ट्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलेलं.

शांतिनाथ म्हणाला, आयला, विझला की भ्या वाटत असंल.

नाही रे.
विझला की बरं वाटायचं.
नाही विझला,
खाली नीट, शांत जळत राहिला,
की अण्णा सदरा काढून
घडी करून माझ्या हातात द्यायचे.

पुडी कुरकुरली नाही.

पुढं? ईशानी.
पुढं काही नाही. वर यायचे.
कान पिवळे, भुवया पिवळ्या,
दोन दिवस मोरीत पाणी पिवळं.
पेवं आता नाहीत, पुरानं खचली,
त्यावर कुणी पिक्चर काढणार नाही, भूतच नाही त्यात.

दोर कोण धरायचं?

दोघं तिघं गडी असायचे, चांगले आडवेतिडवे.
आणि त्यांच्या मागं, दोर संपतो तिथं, मी.
त्या टोकाला काही ओढ लागत नाही.
ते मला नंतर कळलं.
तेव्हा सदरा बगलेत धरून
दोन्ही हातांनी आवळून उभा असायचो,
आई जेवायला हाका मारायची,
मी ओ द्यायचो नाही.