दात बघताना

आमच्याकडे गाडीचं साल कुणी विचारत नाही.
"वीस आहे," म्हणतात, नाहीतर "तीस."
चॅसिसवरचे आकडे, जपानहून जहाजानं आलेले,
उलानबातरच्या रस्त्यावर वयासारखे बोलले जातात.

माझ्या बापाला, गोंचिगला, हे पहिल्याच दिवशी पटलं.
घोड्यालाही आम्ही साल विचारत नाही,
ओठ वर करून दात बघतो.
दाग म्हणजे दोन वर्षांचा, शुद्लेन तीन,
ख्याजालान चार. शब्दातच वय.

एका हिवाळ्यात त्याचे त्रेचाळीस घोडे
उभ्या उभ्या गोठले.
उरलेले सात विकून त्यानं दा-खुरेच्या बाजारातून
एक वीस घेतली. राखाडी, पाठ उताराची.
बॉनेट उघडून कितीतरी वेळ आत बघत राहिला.
दात शोधत असावा.

दहा त्यानं पाहिलीच नाही. मी पाहिली, एकदाच,
दारखानच्या भंगारवाल्याकडे:
आखूड, उंच, शाळेत उशिरा नाव घातलेल्या मुलासारखी,
आणि मागच्या सीटमागे
टॉर्चमध्ये घालतात तसले सेल, ओळीनं, गंजलेले.

वीस सिग्नलला थांबली की इंजिन गप्प.
पहिल्यांदा बाप खाली उतरला, पुढे जाऊन कान लावला.
"मेली," म्हणाला. मागे हॉर्नचा कल्लोळ.
पण उणे अडतीसच्या पहाटे
शेजारी जीपच्या पोटाखाली निखारे सारायचा तेव्हा
ही बटण दाबताच जागी व्हायची.
मग लांबच्या वाटेला निघताना आई
लाकडी पळीनं चाकांवर दूध शिंपडू लागली,
चारही चाकांवर, मागच्या डाव्यावर जरा जास्त,
कारण ते पंक्चर व्हायचं.
स्टिअरिंग उजवीकडे, आणि चालायचंही उजवीकडूनच:
पुढचा ट्रक ओलांडायचा तर डावीकडे बसलेल्या आईनं
मान बाहेर काढून सांगायचं.
जा. नको. नको. जा!

तीस आल्या तेव्हा मी एका कंटेनरमध्ये गॅरेज टाकलं होतं.
तीस दिसायला शहाणी, पोटात काजळी.
एक नळी तुंबते, मग हेड गॅस्केट जातं,
मग गिऱ्हाईक माझ्या स्टुलावर बसून रडतं.
माझं कर्ज तिनंच फेडलं.
पन्नासचे मागचे दिवे ओघळल्यासारखे,
काहींच्या पोटात लिथियम,
माझ्या हाताला अजून नीट न कळलेलं.

वीसच्या बॅटरीत अठ्ठावीस मॉड्यूल.
एक मेलं की सगळी बसते.
मी मेलेलं काढते,
दुसऱ्या मेलेल्या गाडीतलं जिवंत बसवते.
बापाच्या गाडीत आता नऊ गाड्या आहेत.

आणि ती बाई.
वीस सुरू केली की पडद्याआडून जपानीत
एक वाक्य बोलते, गोड, अजिबात घाई नसलेलं.
पडद्यावरच्या नकाशात आमचा देशच नाही,
गाडीचा बाण कोऱ्या जागेत फिरत असतो.
बाप रोज तिला उत्तर द्यायचा:
"तूही सुखाची राहा, पोरी."
बारा वर्षं.

मग ओसाकात शिकून आलेली मारालमा मागे बसली
आणि हसत सुटली.
"आजोबा, ती म्हणते, टोलचं कार्ड घातलेलं नाही."

पुलापर्यंत बाप काही बोलला नाही.
"खरंय तिचं," मग म्हणाला. "नाहीच घातलं."
दुसऱ्या दिवशीही त्यानं उत्तर दिलं. तेच.

परवा काचेच्या दुकानात साठ बघायला गेलो.
बुटकी, ताणलेली,
शर्यतीआधी मान लांबवून उभ्या राहिलेल्या घोड्यासारखी.
किंमत वाचून मी दोन पावलं मागे सरले.
बाप आत जाऊन बसला.
विक्रेत्यानं बटण दाबलं. पडदा उजळला. बाकी शांत.
बाप थांबला.
अजून थोडा थांबला.

"ही काहीच मागत नाही?"

विक्रेत्यानं माहितीपत्रक पुढे केलं.